फळ्यांचं अभ्यंगस्नान

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी माझा नवरा गेला. सकाळी तो गच्चीवर होता. खाली आला, जिन्यापाशी बसला आणि त्याने मला हाक मारली. मी पोचले तेव्हा तो बोलत नव्हता. संध्याकाळी सासरे आणि मी दवाखान्यातून घरी आलो.

त्यानंतरच्या वर्षाबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. माझी सगळी नोकरी एका कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. निवृत्त झाल्यावर वाचायची म्हणून बाजूला ठेवलेली पुस्तकं कपाटात होती, पण त्या वर्षात एकही शेवटापर्यंत वाचून झालं नाही. पुस्तक मांडीवर असायचं. समोर सासरे पेपर घेऊन बसलेले असायचे. ग्रंथालयात अनोळखी वाचक एका टेबलाशी बसतात, एकमेकांना अडथळा होऊ नये म्हणून पानंही हळू उलटतात, तसे आम्ही दोघं एका घरात राहत होतो. स्वयंपाक होई, औषधं वेळेवर घेतली जात, आणि बोलणं साधारण तेवढ्यापुरतंच.

मला सांगायचं आहे ते मात्र गच्चीवरच्या डेकबद्दल.

आमचं घर बंगळूरच्या जे. पी. नगरमध्ये आहे. बाबा, म्हणजे माझे सासरे, तरुणपणी साताऱ्याकडून इथे सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आले आणि इथलेच झाले. घर त्यांनी बांधलं. डेक मात्र माझ्या नवऱ्याचा. नोकरीतून मोकळा झाल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती ही. बनशंकरीच्या पलीकडे, पाडलेल्या घरांचं लाकूड विकतात अशा एका वखारीतून त्याने जुनं सागवान आणलं, त्याच्या फळ्या कापून घेतल्या, आणि गच्चीच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात, खाली चौकट करून, पाणी वाहून जाईल एवढ्या फटी ठेवून, एकेक फळी स्वतः बसवली. तो त्याला डेक म्हणायचा. बाबा प्लॅटफॉर्म म्हणायचे, कारण त्यांच्या कारखान्यात असल्या गोष्टीला तेच म्हणत. बापलेक रोज सकाळी तिथे बसून बोलत. कशाबद्दल बोलत ते मी कधी विचारलं नाही. खाली फक्त आवाज येई, शब्द येत नसत.

दर दिवाळीत, पहिल्या आंघोळीच्या आदल्या दिवशी, तो फळ्यांना जवसाचं तेल चोळायचा. ‘उद्या आपलं अभ्यंग, आज यांचं,’ असं म्हणायचा. दर वर्षी तेच वाक्य. पुढेपुढे आम्ही हसणंही सोडून दिलं होतं, आणि तरी तो म्हणायचाच.

तो गेल्यानंतरच्या हिवाळ्यात फळ्या काळ्या पडायला लागल्या. आधी मला वाटलं, धूळ असेल. बंगळूरमध्ये दिवाळीनंतरही पाऊस रेंगाळतो, त्याचा परिणाम असेल. पण झाडून काळेपणा जाईना. पाय ठेवला की चिकट लागे, पाऊस पडला की निसरडं होई. दोनतीन फळ्यांची टोकं कुजून हाताने तुटू लागली. बाबांनी वर यायचं सोडलं. गुडघे, म्हणाले. मी मान हलवली. घराबाहेर पडून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ते रोज चालत जात होते, हे मला दिसत होतं.

वर्षश्राद्धाला माझी नणंद पुण्याहून आली. ती नवऱ्याची धाकटी बहीण, तोंडाने फटकळ आणि मनाने फार चांगली. सगळं आटोपल्यावर ती वर गेली, एका फळीवरून तिचा पाय घसरला, आणि ती खाली आली ती निर्णय घेऊनच. फळ्या उपटून टाकायच्या, फरशी घालायची. आणि बाबांनी आता पुण्याला तिच्याकडे राहायचं. तिच्या मुलाची परीक्षा संपली की मे महिन्यात ती न्यायला येणार होती.

मला वाटलं बाबा नाही म्हणतील. उभं आयुष्य या गावात गेलेला माणूस. मुलीकडे चार दिवस गेले तरी तिथल्या भाजीला नावं ठेवत परत यायचे. पण ते ताटातला भात कालवत राहिले आणि कानडीत म्हणाले, “सरी.” बरं, एवढंच.

नणंद गेल्यावर मी गच्चीवर जाऊन बराच वेळ उभी राहिले. बाबा का जातायत ते मला कळत नव्हतं. मुलगा गेल्यावर सुनेच्या घरात राहणं त्यांना अवघड वाटत असेल का? घर त्यांचंच आहे, पण माणसं असा विचार करतात. जाऊ नका, असं सरळ म्हणायचा धीर मला होत नव्हता. स्वतःच्या मुलीकडे निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला थांबवायचा मला काय अधिकार, असं वाटे. ते सकाळी पुन्हा इथे येऊन बसू शकतील अशी जागा करणं मात्र माझ्या हातात होतं. एवढाच हिशोब करून मी कामाला लागले. शहाणपणाचा नव्हता, पण होता.

मी कामाला लागते म्हणजे आधी वाचते. जुन्या लाकडाला पुन्हा रंग कसा आणायचा यावर जे मिळालं ते सगळं वाचलं. स्टेन नावाचा प्रकार असतो. तो रंगासारखा लाकडावर थर धरून बसत नाही, आत मुरतो. ऊन-पावसापासून लाकडाला जपतो आणि रेषा झाकत नाही. मी दुकानातून डबा आणला, एक फळी घासली, पुसली, स्टेन लावला. दुसऱ्या दिवशी तो ओला होता. तिसऱ्या दिवशीही. त्यावर चुकून पाय पडला तर तळवा तपकिरी झाला आणि फळी होती तशी काळी.

फोनवर नणंदेला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “वहिनी, पुस्तकात बघून लाकूड घासलं जात नाही हो. फरशीवाल्याला बोलवा.” मी म्हटलं, बघते.

वाचलेल्यात एक साधी परीक्षा होती. लाकडावर पाण्याचे थेंब टाकायचे. मुरले तर लाकूड तयार आहे. मण्यांसारखे वर बसून राहिले तर वर काहीतरी आहे, ते आधी काढायला हवं. मी गच्चीच्या नळावरून ओंजळभर पाणी आणून शिंपडलं. सगळ्या डेकभर मणी झाले. उन्हात चकाकत होते, दिसायला सुंदर होते. मग मी धुण्याचा सोडा आणला.

ते काम गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यातलं. सकाळची वेळ होती. गॅसवर मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं, बादलीत सोडा विरघळवला, रबरी हातमोजे घातले, आणि ते कढत पाणी फळ्यांवर ओतून काथ्याच्या ब्रशने, रेषांच्या दिशेने, घासायला सुरुवात केली. तपकिरी फेस आला. आणि फेसाबरोबर वास आला.

तो वास ओळखायला मला क्षणभरही लागला नाही, पण तो तिथे का यावा ते समजेना. दिवाळीच्या पहाटेचा वास होता. तिळाचं तेल, त्यात घातलेलं वासाचं तेल. आमच्या घरात सुवासिक तेलाची बाटली दिवाळीखेरीज उघडत नाही. चैत्रातल्या उन्हात, साबणासारख्या फेसातून, तो वास सगळ्या गच्चीवर पसरला. शेजारच्या गच्चीवर मिरच्या वाळत घालणाऱ्या अक्कांनी कठड्यावरून डोकावून कानडीत विचारलं, आज कुठला सण काढला? मी ब्रश हातात धरून तशीच बसून राहिले होते.

वास जिन्यावरून खालीही गेला असणार. कारण थोड्या वेळाने बाबा वर आले. कठड्याला धरत, एकेका पायरीवर थांबत. ते दारात उभे राहिले आणि फेसाकडे बघत राहिले.

“वासाचं तेल आहे ते,” ते म्हणाले. “मी लावलं.”

मी ब्रश बादलीत ठेवला.

“दिवाळीत. तू बँकेत गेली होतीस तेव्हा. आपल्याला त्या वर्षी सण नव्हता. म्हटलं, यांचं तरी राहू नये.”

मग तुकड्यातुकड्यांनी त्यांनी सगळं सांगितलं. मुलगा दर वर्षी यांचं अभ्यंग म्हणायचा आणि पिवळं तेल चोळायचा. डबा कुठला, तेल कुठलं, हे बाबांनी कधी पाहिलं नव्हतं. अभ्यंग म्हणजे तिळाचं तेल, हेच त्यांनी जन्मभर जाणलं. तो थट्टा करतोय हे त्यांना कळत होतं, पण थट्टेच्या खाली तेल तेच असणार असं त्यांनी धरलं. कपाटातली आदल्या वर्षीची तिळाच्या तेलाची बाटली त्यांनी वर आणली, पुरेना म्हणून स्वयंपाकघरातली दुसरी फोडली, वरून वासाचं तेल घातलं, आणि स्टुलावर बसून, सरकत सरकत, सगळ्या फळ्यांना हाताने चोळलं. जवसाचं तेल वाळून लाकडात घट्ट बसतं. तिळाचं तेल वाळत नाही. ते वरच राहिलं, त्याला धूळ धरली, पावसाने त्यात बुरशी आली. पण ‘मी लोखंडाचा माणूस,’ बाबा म्हणाले. लाकूड काय पितं आणि काय पीत नाही ते त्यांना ठाऊक नव्हतं.

“त्याने केलेली एवढी एक वस्तू राहिली होती. ती मी घालवली,” ते म्हणाले. “रोज वर यायचं आणि ती जास्त काळी झालेली बघायची, ते सोसेना. म्हणून पुण्याला हो म्हटलं.”

समोर जे दिसत होतं ते मी सांगितलं.

“तेल निघतंय, बाबा. फेस बघा.”

ते पुढे आले. वाकले. मी घासलेल्या जागेवर त्यांनी बोट फिरवलं, बोट डोळ्यांजवळ नेलं, मग नाकाशी. कारखान्यात त्यांचं खातं तपासणीचं होतं. यंत्राचा प्रत्येक भाग त्यांच्या हाताखालून जाई, आणि पास की रिजेक्ट हे ते ठरवत. घरातही त्यांनी ही सवय सोडली नव्हती. माझ्या पोळ्याही सुरुवातीची काही वर्षं तपासणीतून गेल्या आहेत.

“पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावं लागेल,” ते म्हणाले. “एका धुण्यात नाही व्हायचं.”

त्या दिवसापासून ते रोज वर येऊ लागले. डोक्याला टोपी, हातात काठी, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मला सूचना. मी घासत असे, ते पाणी ओतत. दर धुण्यानंतर लाकूड वाळू द्यायचं आणि दुसऱ्या सकाळी थेंबांची परीक्षा. ती त्यांनी स्वतःकडे घेतली. देवाच्या पळीने ते एकेका फळीवर पाणी टाकत, आणि वाकून बघत राहत. थेंब वर राहिला की “रिजेक्ट.” मी सोडा विरघळवायला खाली जाई.

“आमच्या कारखान्यात तू महिनाभर टिकली नसतीस,” एकदा ते म्हणाले. “रेषेच्या आडवा ब्रश मारतेस.”

“तुमच्या कारखान्यात पुस्तकं नव्हती,” मी म्हटलं. “मी आलेच नसते.”

ते हसले. वर्षभरात मी ते हसणं ऐकलं नव्हतं. मीही हसले, आणि दोघं जरा संकोचून पुन्हा आपापल्या कामाकडे वळलो.

एका सकाळी पळीतला थेंब फळीवर पडला, पसरला आणि नाहीसा झाला. लाकडावर ओलसर गोल डाग तेवढा राहिला. बाबांनी दुसऱ्या फळीवर टाकला. तोही गेला. ते सगळ्या डेकभर फिरले, आणि तुळशीच्या कुंडीजवळचा एक कोपरा सोडला तर सगळीकडे पाणी मुरलं. तिथे ते स्टूल ठेवून बसले होते, बाटली तिथेच कलंडली होती, आणि तेल खोलवर गेलं होतं. तो कोपरा आम्ही पुन्हा धुतला, आणि आणखी धुतला. तो काही पूर्ण सुटला नाही.

कुजलेल्या फळ्या एका सुताराकडून बदलून घेतल्या. नवीन लाकूड जुन्याशेजारी उपरं दिसत होतं, फार पिवळं. मग पॉलिश पेपरने सगळं घासलं. हे काम सावकाश होतं, आणि मला ते आवडलं. करड्या थराखालून तांबूस सोनेरी लाकूड वर येई. हातभर जागा झाली की मी थांबे, ती हाताने पुसे, आणि पुढची हातभर घेई. कित्येक महिन्यांनी मला दुपारी झोप लागली, आणि जाग आल्यावर पुस्तक वाचावंसं वाटलं.

मग रंग ठरवायचा होता. दुकानातून मी दोन डबे आणले होते, एक गडद, अक्रोडाच्या सालीसारखा, आणि एक हलका, मधासारखा. उरलेल्या तुकड्यांवर दोन्ही लावून बघितले. बाबांचं म्हणणं गडद लावावा. त्यात काळा कोपरा झाकला जाईल, नव्याजुन्या फळ्याही सारख्या दिसतील. त्यांचं बरोबर होतं. मला हलका हवा होता, कारण त्यातून रेषा दिसत होत्या, पण हट्ट धरायचा नाही असं मी ठरवलं होतं. ते दोन्ही तुकडे त्यांनी दोन दिवस खोलीत खिडकीपाशी ठेवले. तिसऱ्या दिवशी नाश्त्याला बसताना म्हणाले, “हलका लावू. गडद लावला तर त्याने आणलेलं लाकूड दिसणारच नाही. कोपरा राहू दे तसा.”

पहिला हात आम्ही सकाळी लवकर दिला, ऊन चढायच्या आत. उन्हात स्टेन मुरायच्या आधीच वाळतो. पातळ लावायचा, फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता, आणि थोड्या वेळाने वर राहिलेला कापडाने पुसून घ्यायचा. मी ब्रश चालवत होते, बाबा खुर्ची सरकवत मागून कापडाने पुसत येत होते. स्टेनमध्ये तेल असतं, आणि तेलाने भिजलेली कापडं बोळा करून टाकली तर आपोआप पेट घेतात, असं मी वाचलं होतं. ते त्यांना सांगितल्यापासून ते प्रत्येक चिंधी दोरीवर वेगवेगळी, चिमटे लावून वाळत घालत. अक्कांनी विचारलंच, या चिंध्यांना एवढा मान का?

दुसऱ्या हाताच्या दिवशी एप्रिल संपत आला होता. आदल्या संध्याकाळी नणंदेचा फोन आला होता, तिकिटं काढली असं सांगायला. बाबा फोनवर हो हो म्हणाले होते. सकाळी आम्ही काम सुरू केलं. मधल्या फळीवर माझा ब्रश अर्ध्यावर होता. मी मान वर केली नाही. वर केली असती तर बोलता आलं नसतं.

“बाबा, तुम्ही पुण्याला जाऊ नका. मला तुम्ही इथे हवे आहात.”

मागे कापडाचा आवाज थांबला.

“हे तू आधी का नाही बोललीस?”

“तुम्हाला लेकीकडे राहावंसं वाटत असेल, असं वाटलं.”

“मला वाटलं, तुला मोकळं व्हायचं असेल. तुझं वय आहे अजून. म्हाताऱ्याचं पथ्यपाणी किती दिवस करणार.” कापड पुन्हा फिरू लागलं. मग ते म्हणाले, “सरी. मी तिला सांगतो. तू ब्रश थांबवू नकोस, कड वाळेल.”

कड थोडी वाळली होतीच. त्या फळीवर मध्यभागी एक आडवी, जरा गडद रेघ आहे. जवळून बघितल्याशिवाय दिसत नाही.

नणंद मे महिन्यात आली. तिला फोनवर सांगून झालं होतं, तरी ती आली, आणि वडिलांसाठी काढलेलं पुण्याचं तिकीट तिने रद्द केलेलं नव्हतं. ती अनवाणी सगळ्या डेकवरून फिरली. पायाला कुठे कुसळ लागत नाही हे तिने दोनदा तपासलं. तुळशीजवळ थांबली.

“वहिनी, हा कोपरा तुमचा राहिला वाटतं.”

“तो माझा आहे,” बाबा म्हणाले. “त्याला कोणी हात लावायचा नाही.”

तिने माझ्याकडे बघितलं. मग मी तिला चहा देताना अभ्यंगाची सगळी हकीकत सांगितली. ती ऐकता ऐकता हसायला लागली आणि मग रडायला. दादा असता तर म्हणाला असता, रंग चुकला तुमचा, असं ती म्हणाली. ते खरंच होतं, तो असंच म्हणाला असता. तिला वाईटही वाटलं होतं, ते तिने लपवलं नाही. “तुम्ही दोघांनी मिळून मला परकं केलंत,” असं ती जाताना म्हणाली, अर्धं गमतीत. बाबा गणपतीत तिच्याकडे जाऊन राहिले. परत आल्यावर तिथल्या भाजीबद्दल पुष्कळ बोलले.

त्या वर्षी दिवाळीत घरात सण झाला. जवसाच्या तेलाची आता गरज नाही. स्टेनला वर्षादीडवर्षाने पुन्हा एक हात लागेल, तो आम्ही देऊ.

नवीन फळ्या अजून जुन्यांपेक्षा उजळ आहेत. तुळशीजवळचा कोपरा काळाच आहे, आणि तिथे स्टेन नीट मुरलेला नाही. सकाळी बाबा वर येतात, मीही जाते. आम्ही बोलतो, कधी त्याच्याबद्दल, बहुतेकदा इतर कशाबद्दल तरी. तो नाही. डेक आहे, आणि आम्ही दोघं आहोत.